थंड नळीची पहिली गोळी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तीन रायफलींचे फोटो मिळाले आणि खालचा प्रश्नही: ‘काका, यातली सगळ्यात हलकी कुठली?’ कॅनडातल्या आल्बर्टात नोव्हेंबरच्या बर्फातून हरणामागं दिवसभर चालायचं म्हणून हलकी हवी, हे समजलं. पण लेका, प्रश्नच चुकलाय. रात्रभर गार पडलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठं लागते, हे आधी विचार. वजन मागून.

रेंजवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे एकमेकींजवळ लागणं, सुरेख येतं, कारण दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपर्यंत नळी तापते आणि खांदा सरावतो. रानात नळी गार, बोटं गार आणि गोळी पहिलीच. ती हुकली तर जनावर निसटतं, आणि अर्धवट लागली तर ते कुठंतरी झुडपात दोन दिवस कण्हत पडतं. राधानगरीकडं लहानपणी उसात घुसलेलं असं जखमी डुक्कर मी पाहिलंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तुझे फोटो.

पहिला जंगल कार्बाइनचा, म्हणजे ली-एनफिल्ड नंबर पाच या आखूड रायफलीचा. तुझा जीव तिच्यावर जडलाय हे तुझ्या मजकुरावरूनच कळतं. दिसतेच तशी: आखूड नळी, टोकाला ज्वाला झाकणारा शंकूसारखा फ्लॅश हायडर, वजन जेमतेम ३.२ किलो. इंग्रजांनी १९४४ मध्ये त्यांच्या ली-एनफिल्ड नंबर चार रायफलीचीच काटछाट करून ती आशियातल्या रानांसाठी काढली आणि १९४७ मध्ये बनवणं थांबवलं. फौजेत तिच्याबद्दल मोठी तक्रार होती, आज बांधलेला झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा मेळ, उद्या हलतो. काही जाणकार हे मानत नाहीत. त्यांच्या हातात चांगल्या रायफली आल्या असतील, माझा वाद नाही. पण काडतूस तेच थ्री-नॉट-थ्री आणि रायफल जवळजवळ एक किलोनं हलकी, म्हणजे धक्का जास्त बसणारच. बटला (खांद्याला टेकायच्या दस्त्याला) लावलेलं रबर अरुंद, आणि ऐंशी वर्षांत ते दगड झालेलं. चार गोळ्यांनंतर तुझा खांदा घोडा दाबायच्या आधीच आकसायला लागेल, मग पहिली गोळी कशी लागणार? शिवाय नंबर चार कापून केलेल्या नकली जंगल कार्बाइन बाजारात भरपूर आहेत. अस्सल असेल तर रिसीव्हरवर (बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा सरकता दांडा, ज्यात बसतो त्या भागावर) आणि चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथं, नळीवर धातू खरवडून वजन कमी केल्याच्या खुणा दिसतात, बोल्टच्या मुठीचं गोल टोकही आतून पोकळ असतं. तुझ्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

दुसरा फोटो तू नाइलाजानं पाठवलेला दिसतोय. नंबर चार, लाँग ब्रँच कारखान्याची, पुढचं लाकूड कापून शिकारीसाठी केलेली. संग्राहकांना असली कापलेली रायफल नकोशी असते म्हणून ती स्वस्तात मिळते. पण ती तुझ्या कॅनडातच, टोरांटोजवळ बनलेली आहे. कॅनेडियन रेंजर्सनी, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या राखीव फौजेनं, १९४७ पासून सत्तरेक वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या थंडीत नंबर चारच वापरली, ज्या थंडीत नव्या बंदुकांचं तेल गोठतं तिथं. पूर्ण लाकडासकट ती ४.१ किलोची. पुढचं लाकूड गेलं म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास कमी धर. तू पाठीवर सॅक घेऊन भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड चाललेला पोरगा, आणि अर्ध्या किलोसाठी रडतोस? कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) कांस्य आणलं, त्या प्रकारात रायफल आठ किलोपर्यंत चालते. नेमबाज वजन मुद्दाम घेतात, कारण वजन हात स्थिर ठेवतं.

तरीही आंधळेपणानं घेऊ नकोस. नंबर चारचं लाकूड नुसतं धरायला नसतं, ते नळीच्या टोकाला खालून दाब देतं. लाकूड कापलं की तो दाब जातो, आणि मागं रिसीव्हरपाशी लाकूड ढिलं असेल तर गोळी भटकते. तेवढं लाकूड हातानं हलवून बघ, हललं तर सोड. बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बटजवळच्या लोखंडावर डाव्या बाजूला असलेला नंबर एकच हवा. बोल्ट हेडवर (बोल्टच्या पुढच्या तुकड्यावर) ० ते ३ पैकी आकडा असतो. तिथं ३ दिसला तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांतली फट, सुधारायला पुढं जागा उरलेली नाही, म्हणून ती गेजनं मोजल्याशिवाय काडतूस भरू नकोस.

तिसरी स्वीडिश कार्बाइन, १८९४ चा नमुना. हलकी हवीच असेल तर ही. ३.३ किलोच्या आसपास वजन, ६.५ बाय ५५ चं काडतूस, धक्का सौम्य. नॉर्डिक देशांत त्याच काडतुसानं मूसची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार होते. दस्त्यावर पितळी चकती असेल तर तिच्यावरच्या खुणांत नळीची अवस्था नोंदलेली असते, ती आधी वाच. मात्र मागच्या साइटची (नेम धरायच्या खाचेची) सगळ्यात खालची खूण ३०० मीटरची आहे, म्हणजे १०० मीटरवर गोळी वर जाणार. पुढची माशी, म्हणजे नेमाचा काटा, उंच बसवून घ्यावी लागेल. आणि किंमत तू लिहिलीयस तेवढी असेल तर त्या पैशांत नंबर चार आणि वर्षभराची काडतुसं येतात.

तू म्हणशील, काकांनी आयुष्यात एक ससाही मारला नाही आणि शिकारीचं शिकवतात. बरोबर आहे. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, थ्री-नॉट-थ्री तर सामान्य माणसाला लायसन्सवर मिळतच नाही. पण आर्मोरर (शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा) म्हणून माझी नोकरी याच रायफलींत गेली. प्रत्येक रायफलीची गार नळीची पहिली गोळी कुठं लागली, हे मी वहीत वेगळं लिहायचो. रेंजवर पहिली गोळी ‘सोडून द्या’ म्हणायची पद्धत होती. वरिष्ठ चिडायचे, वेळ जातो म्हणायचे. मी ऐकलं नाही. बोल्टचा नंबर जुळत नसेल तर सहीही केली नाही, आणि त्यापायी बढती मागं पडली तरी मला त्याचं काही वाटलं नाही. वाटतं ते त्या वह्यांचं. रायफली मागं घेतल्या गेल्या तेव्हा वह्याही रद्दीत गेल्या. आज असत्या तर तुला पत्र लिहायच्या ऐवजी त्याच पाठवल्या असत्या.

तेव्हा तू वही कर. रायफल घेतल्यावर पाच वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जा. रोज पहिली गोळी १०० मीटरवर त्याच एका कागदावर मार, बाकीचा सराव दुसऱ्या कागदावर. पाचही गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत आल्या तर ती रायफल तुझी. नाही आल्या तर वजन कितीही कमी असो, विकून टाक. सरावाला आणि शिकारीला काडतूस एकच ठेव. स्वस्तात मिळणारी जुनी फौजी काडतुसं शिकारीला नकोत. ती कडक गोळी आरपार जाते, जनावर पडत नाही, आणि आल्बर्टात मोठ्या शिकारीला ती कायद्यानंही चालत नाही. जुन्या काडतुसांच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीतला क्षार नळीला गंज आणतो. सरावात ती वापरलीच तर त्याच संध्याकाळी नळीत गरम पाणी ओत, मग पुल-थ्रूनं (नळीतून ओढायच्या दोरीनं) कोरडी चिंधी, मग तेलाची. शिकारीला निघताना मात्र बोल्टवरचं तेल पुसून काढ, आणि थंडीतून आल्यावर रायफल लगेच उबदार खोलीत नेऊ नकोस, आतून घाम धरते.

नंबर चारच्या बोल्टचा आणि बटजवळचा, असे दोन्ही नंबर एकाच फोटोत येतील असं बघ आणि पैसे द्यायच्या आधी मला पाठव. बोल्ट हेडचा फोटो वेगळा, जवळून आणि उजेडात काढलेला.

तुझा,
काका
कोल्हापूर