काओ दाई मंदिरात सगळीकडे डोळा का असतो?

तो देवाचा डोळा, आणि तो नेहमी डावाच. डावी बाजू 'यांग'ची, म्हणजे तेजाची, असं काओ दाई हा पंथ मानतो. पंथ १९२६ मधला, दक्षिण व्हिएतनामातला. त्याचं मुख्य मंदिर ताय निन्हला आहे.

लांबून बघाल तर दोन मनोऱ्यांचं चर्च वाटतं. आत गेलं की गुलाबी खांब, प्रत्येकाला विळखा घातलेला रंगीत ड्रॅगन, आणि वर चांदण्यांनी भरलेलं निळं छत. काहींना हे भडक वाटतं. मला तर आवडतं. जमीन मात्र नीट बघा. दारापासून वेदीकडे ती नऊ टप्प्यांत थोडी थोडी चढत जाते, कारण देवाकडे जाण्याच्या पायऱ्या नऊ. शेवटी अष्टकोनी दालनात मोठा निळा गोल, त्यावर ३०७२ तारे, आणि त्यातून आपल्याकडे रोखलेला तो डोळा.

पुजाऱ्यांच्या झग्यांचे रंगही ठरलेले आहेत, पंथ ज्या तीन परंपरांना मानतो त्यांचे: पिवळा बौद्ध धर्माचा, निळा चीनच्या ताओ धर्माचा, लाल चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा. बाकी भक्त पांढऱ्यात.

दर्शनी दालनातलं भित्तिचित्र चुकवू नका. त्यात चीनचे क्रांतिकारी नेते सन यत्-सेन, फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो आणि १६व्या शतकातले व्हिएतनामी कवी न्गुएन बिन्ह खिएम देव-माणसातला करार लिहिताना दिसतात. होय, ह्यूगो इथे संत आहे!

आणि बाहेर पडल्यावर मागच्या छताकडे मान वर करा: तिथे ब्रह्मा, शिव आणि कृष्ण आहेत.