कोनोफायटम मेलं का?

प्रश्न : फेब्रुवारीत नर्सरीतून कोनोफायटम नावाचं जाड, रसाळ पानांचं अंगठ्याएवढं रोप आणलं. मे महिन्यात त्याच्यावर करड्या कागदासारखी साल चढली. रोज पाणी घालते, तरी हिरवं होत नाही. मेलं असेल का? आणि एवढ्याशा जिवाचा रानात निभाव लागतो तरी कसा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी पाणी बंद करा, मग बोलू. ती साल म्हणजे जुन्या पानांची जोडी. आतल्या नव्या जोडीने तिच्यातलं पाणी शोषून घेतलं आणि रिकामं कातडं उन्हाळ्यापुरतं पांघरलं. हलकेच दाबून बघा. टणक लागलं तर जिवंत आहे, पचपचीत लागलं तर गेलं.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात क्नर्सफ्लाक्ट नावाचा सखल प्रदेश आहे. कोनोफायटमच्या काही जाती तिथल्याच. जागोजाग पांढऱ्याशुभ्र गारगोट्या पसरलेल्या, खाली माती उथळ आणि बरेचदा खारट. मोठ्या झुडपांना तिथे बस्तान बसवणं जड जातं, म्हणून जागा मोकळी राहते आणि ती या बुटक्यांना मिळते. गारगोट्या ऊन परतवतात, त्यामुळे जमिनीला चिकटलेलं अंग कमी तापतं. उंच वाढलं असतं तर हा लाभ कुठला! पाऊस हिवाळ्यात, वर्षाला जेमतेम १०० ते २०० मिलिमीटर. वर समुद्रावरून येणारं धुकं. बारीक मुळं वरच्या थरातली ओल चटकन टिपतात.

मला मात्र सगळ्यांत आवडतं ते याचं बोंड. शिकवत होते तेव्हा वाळकं बोंड पाण्यात टाकून मुलांना दाखवायचे. काही मिनिटांत झाकणं उघडतात, वाळलं की पुन्हा मिटतात. रानात पावसाचे थेंबच बी उडवतात, म्हणजे ओल असेल तेव्हाच बी मातीत पडतं.

आपली पंचाईत अशी की याच्या झोपेच्या दिवसांतच आपला पावसाळा येतो. कुंडी पागोळ्यांपासून लांब, वाऱ्यावर ठेवा. नर्सरीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, झाडून टाका. बारीक खडी आणि जाड वाळू जास्त, माती नावाला. गणपतीनंतर साल फाटून हिरवं डोकावलं की पाणी सुरू करा, तेही माती पूर्ण वाळल्यावरच.

पुढच्या वेळी घेताना बियांपासून वाढवलेलं आहे ना, हे विचारा. तिकडच्या रानांतून हल्ली यांची बेसुमार चोरी होते. मुळं तुटलेला, ओरखडलेला जुना गड्डा कुणी स्वस्तात देऊ लागलं तर सरळ नाही म्हणा.