तारांगणाच्या सहलीआधी

ताई, हिवाळ्यात पोरांना नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात नेताय, फार चांगलं. पण त्याआधी चार-पाच संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बसा. कृत्तिका, मृग, व्याध पोरांनी आधी डोळ्यांनी ओळखले, तर तारांगणाच्या घुमटात तेच दिसल्यावर प्रश्न आपोआप येतात. (आपल्या गावाएवढं काळं आकाश शहरातल्या मुलांना मिळत नाही.) केंद्रात सगळं पाहायचा हट्ट नको. एखाद्या प्रयोगापाशी रमली, तर हाताळू द्या.

मे महिन्यात मात्र सुट्टी असली तरी पोरांना बोलवा. नागपूरकडे २६ मेच्या सुमारास दुपारी बारा-दहाला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायला लावा. जुलैतही सूर्य डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. दुपट्टा आणि पाणी सोबत असू द्या.