खण, ब्लेझर आणि दमट हवा : तुमचे शिवणाचे प्रश्न

प्रश्न : ताई, गणपतीसाठी खणाचं ब्लाऊज शिवायचंय, त्याच कापडाचा बटवा पण हवाय. किती घेऊ? – मालवण

आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण अरुंद पन्ह्याचा असतो, नेहमीसारखं 80 सेंटिमीटर मागितलंत तर बाह्यांना कापड पुरायचं नाही, दीड मीटर घ्या, बटवा त्यातच निघतो. बाही आडवी कापा म्हणजे काठ आपोआप बाहीच्या तोंडाला येतो, काठ कापून परत जोडायची गरजच नाही. अस्तराचं सुती कापड मात्र रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आत खेचतं आणि वर खण फुगतो. गळ्याच्या कडेला लावतात त्या पायपिंगची दोरी पण भिजवायची, हे कोणी सांगत नाही! खण लाल किंवा जांभळा असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला की समजा घामाने पण लागणार.

बाजूच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला जास्तीचं कापड, ठेवा, गणपतीचे मोदक कुठेतरी दिसणारच की. पायपिंगची पट्टी उरेब, म्हणजे तिरपीच कापा, सरळ पट्टी गळ्याच्या वळणावर बसत नाही. बटव्यासाठी खण आणि अस्तर असे 12 इंचाचे दोन गोल, कडेपासून दीड इंच आत नाडीची पट्टी आणि दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवायच्या, तरच तोंड दोन्हीकडून सारखं आवळतं.

प्रश्न : लग्न मे महिन्यात गुहागरला, मुलाला ब्लेझर हवाच. घामाने हाल होतील का? – चिपळूण

होतील, पण कमी करता येतात. कापड लिनन किंवा हलकी ट्रॉपिकल वूल घ्या, पॉलिस्टर मिक्स नको. टेलरला सांगा पाठीला अस्तर नको, फक्त खांद्याला आणि बाह्यांना, बाहीत अस्तर नसेल तर हात घालताना शर्ट गोळा होतो. दुसरं म्हणजे छातीला आकार यायला कापडाच्या आत काय घालणार ते टेलरला विचाराच. स्वस्तात गोंदाचं फ्यूजिंग चिकटवतात, ते दमट हवेत आणि वाफेच्या इस्त्रीने सुटून छातीवर फुगे येऊ शकतात. त्याऐवजी कॅनव्हास, म्हणजे आतलं ताठ कापड, हाताने टाके घालून बसवला तर लॅपल, म्हणजे कॉलरखालची दुमडलेली बाजू, स्वतःहून वळतो, पैसे जास्त लागतात पण माझ्या मते खर्च करायचा तर इथेच, बटणांवर नाही. कच्च्या धावदोऱ्यावर एक ट्रायल घ्याच, आणि त्या दिवशी मुलाला लग्नातलाच शर्ट आणि बूट घालून पाठवा.

प्रश्न : ब्लाऊजचे हूक पावसाळ्यात गंजतात, डाग जात नाही. – देवगड

पितळी हूक लावा, आणि ब्लाऊज ओलसर असताना घडी घालू नका. सुती असेल तर डागावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा, ब्लीच अजिबात नको, त्याने गंजाचा डाग आणखी पक्का बसतो. जरीच्या किंवा रेशमी कापडाला लिंबू लावू नका, ते सरळ ड्रायक्लीनिंगला द्या.