फायबर ‘पोर्ट’ होत नाही : नंदगडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं की केबलवाल्याचं फायबर पावसात सारखं जातं, दुसऱ्या कंपनीचा पोरगा ‘पोर्ट करून देतो, वर्षाचे पैसे आत्ताच भरा’ म्हणतोय, आणि घरचा जुना लँडलाईन नंबर टिकेल का हेही तुम्हाला हवंय.

पोर्ट मोबाईल नंबर होतो, ब्रॉडबँड नाही. इथं नवीन कनेक्शन घेणं आणि जुनं बंद करणं ही दोन वेगळी कामं, आणि ती याच क्रमानं करायची. नवीन लाईन दोनचार जोरदार सरींत टिकलेली बघा, मगच जुनी तोडा. महिनाभर दोन्हीकडे पैसे जातील, जाऊ द्यात. घरून नोकरी करणाऱ्याला ते स्वस्तच पडतं. वर्षाचा प्लॅन मात्र आत्ता बिलकुल घेऊ नका, महिन्याचा घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही धरा.

पण आधी एक बघा : पावसात नेमकं काय जातं? फायबर म्हणजे आत काचेचा बारीक धागा, त्यातून नेट उजेडाच्या रूपात येतं. ती काच पावसानं बिघडत नाही. बिघडतो खांबावरचा जॉइंट, त्याच्या डब्यात पाणी शिरतं. नाहीतर फांदी पडून वायर ताणली जाते. पुढच्या वेळी नेट गेलं की घरातल्या फायबरच्या बॉक्सवरचा ‘लॉस’ (LOS लिहिलेला) दिवा बघा. लाल असेल तर तुमच्यापर्यंत उजेडच येत नाही. बहुतेकदा वायर तुटलेली, मुडपलेली किंवा जॉइंट गेलेला असतो. दिवा लाल नाही, ‘पॉन’चा (PON लिहिलेला) हिरवा दिवा स्थिर आहे, तरी नेट नाही, तर बिघाड पुढं केबलवाल्याकडे किंवा त्याच्याही वर. आणि हेस्कॉमची लाईट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही गल्लीभर नेट जात असेल, तर केबलवाल्याच्या मशीनला बॅटरी नाही असं समजा. अशा वेळी कंपनी बदलण्याआधी नव्या कंपनीचं मशीन कुठं बसलंय आणि तिथं बॅकअप आहे का, ते विचारा. नाहीतर नाव बदलेल, दुखणं तेच राहील.

म्हणून ‘कुठली कंपनी चांगली’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिला : वायर तुटली तर कोण येणार आणि कुठनं येणार? खेड्यात बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच चालवतो. बेळगावात टिळकवाडीला जे उत्तम चालतं, ते खानापूर तालुक्यात चालेल असं नाही. शिनोळीत लाईन आली म्हणून शेजारच्या बाचीत मिळेल असंही नाही. गावं लागून असली तरी टेलिकॉमचे विभाग वेगळे : शिनोळी महाराष्ट्र सर्कलमध्ये, बाची कर्नाटक. तुमच्याच गल्लीत जुलैमध्ये कुणाचं चालू होतं, ते विचारा. आणि ‘फायबर’ म्हणजे घरात वायर येणार ना, हे स्पष्ट करून घ्या. एअरफायबर वेगळं, ते वायरीविना, बहुतेकदा ५जी टॉवरवरनं येतं.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा. लाईनमनकडे पॉवर मीटर असतो, तो वायरीतून येणाऱ्या उजेडाचा जोर डीबीएममध्ये दाखवतो; त्यावरचा आकडा बघून फोटो काढून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर बरं. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पावसाळ्यात रडवेल; जॉइंट परत मारायला सांगा. वायर कौलांवरनं नेऊ देऊ नका, वानरं आणि कौल शाकारणारे दोघंही तिचे वैरी. भिंतीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल ठेवायचा, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं, आत येत नाही. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा. चिऱ्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पुढच्या खोलीतही धड पोचत नाही, त्यामुळे बॉक्स कामाच्या खोलीतच बसवा. सोप्यात टीव्हीशेजारी शोभतो म्हणून तिथं नको.

जुनं बंद करताना तोंडी सांगून भागत नाही. ॲपवर किंवा ईमेलनं कळवा, तक्रार क्रमांक घ्या, बँकेतलं ऑटोपे स्वतः बंद करा. बॉक्स परत देताना त्याचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, नाहीतर पुढं बॉक्सचे पैसे मागत बसतात. अनामत अडकली तर त्या क्रमांकासह कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांत ती सोय आहे आणि तिला फी नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५.

लँडलाईन नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तो नातेवाइकांत पसरलेला असेल तर जुन्या कंपनीकडे नुसत्या फोनचा स्वस्त प्लॅन आहे का विचारा. फायबरवरचा फोन लाईट गेली की बंद पडतो, तांब्याच्या तारेसारखा एक्स्चेंजच्या विजेवर चालत नाही. बॉक्स इन्व्हर्टरवर नसेल तर मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, अँपिअर मात्र वेगवेगळे.