निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पंजा

मागच्या अंकात सांधेदुखीवर लिहिलं होतं, त्यानंतर निर्गुडीबद्दल इतकी पत्रं आली की यावेळी सदर तिलाच देतेय. तीन प्रश्न निवडलेत. मी कॉलेजात बरीच वर्षं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कसं काम करतात ते शास्त्र, शिकवलं त्यामुळे हा विषय माझ्या फारच जवळचा आहे, उत्तरं लांबली तर समजून घ्या.

प्रश्न : मॅडम, आमच्या बांधावर निर्गुडी मोप आहे. गुडघा सुजला की आजी पाला तव्यावर गरम करायची, वर थोडं एरंडेल, आणि जुन्या धोतराच्या फडक्याने बांधून टाकायची. दोन-तीन दिवसात सूज उतरलेली असायची. एवढं डोळ्याने बघितलेलं असताना लॅबमध्ये तपासायचं काय राहिलं? (शेतकरी वाचक, वाई)

उत्तर : दादा, आजींनी बघितलं ते खरंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या फडक्यात काय काय होतं ते बघा ना. गरम शेक होता, एरंडेल होतं, बांधल्यामुळे पडलेला दाब होता, आणि पाय बांधलाय म्हणून माणूस दोन दिवस शेतावर गेला नाही ती विश्रांती होती, आणि या सगळ्यात निर्गुडी होती. शिवाय मुरगळलेल्या पायाची सूज काही न करताही हळूहळू उतरतेच. मग यातलं निर्गुडीचं काम किती? ते वेगळं काढायचं म्हणजे तपासणी. साधा विचार केला तरी कळेल, तेवढंच गरम केलेलं केळीचं पान तसंच बांधलं आणि तशीच सूज उतरली, तर श्रेय शेकाला द्यावं लागेल.

लॅबमध्ये हे सगळं बाजूला ठेवून फक्त अर्क आणि सूज एवढंच समोर घेतात. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत १९६२ सालची आहे. कॅराजिनन नावाचा एक पदार्थ लाल समुद्री शेवाळापासून काढतात, आइस्क्रीममध्ये घट्टपणासाठी घालतात तोच, त्याचं १ टक्का द्रावण ०.१ मिली एवढंच पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंज्याच्या तळव्यात टोचतात. तासाभरात पंजा फुगायला लागतो आणि साधारण तीन ते पाच तासात सूज सगळ्यात जास्त असते. एका गटाला आधी अर्क पाजलेला असतो, एकाला ज्यात अर्क कालवतात ते नुसतंच द्रावण, अर्काशिवाय (हा कंट्रोल गट), आणि एकाला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकसारखं सूज कमी करणारं माहितीतलं औषध. एका गटात साधारण सहा उंदीर.

सूज मोजायला पंजा एका नळीत बुडवतात, आतलं पाणी जेवढं वर सरकेल तेवढं पंज्याचं आकारमान. मी शिकत होते तेव्हा नळीत पारा असायचा. घोट्यावर पेनाने रेघ मारायची, बरोब्बर त्या रेघेपर्यंत बुडवायचं, आणि उंदीर नेमका तेव्हाच पाय आखडून घ्यायचा, मग टॉवेलात गुंडाळून, थोडं थांबून, परत. रेघेच्या जरा वर-खाली झालं की आकडा बदलला. त्या जिवाला दुखत असतं हे हातात धरल्यावर कळतंच, म्हणून प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि लागतील तेवढेच उंदीर घ्यायचे असतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि निर्गुडी यात टिकली का? हो. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ साली ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना तोंडावाटे देऊन बघितला, सूज कमी झाली. म्हणजे आजींचा पाला नुसता शेकापुरता नव्हता असं म्हणायला आधार आहे. मात्र तिथे अर्क पोटात दिलाय आणि आजी बाहेरून बांधायच्या, हा फरक लक्षात ठेवा.

प्रश्न : मॅम, मी बी.फार्म फायनल इयरला आहे, प्रोजेक्ट निर्गुडीवरच आहे. इथेनॉलमधला (अल्कोहोलमधला) अर्क दिला, उंदराच्या वजनाच्या दर किलोला ४०० मिलिग्रॅम. पहिल्या तासाला कंट्रोल आणि आमच्या गटात काहीच फरक नाही, तिसऱ्या तासाला मात्र चांगला फरक दिसतोय. ग्रुपमधले म्हणतात पहिल्या तासाचं रीडिंग गाळून टाकू, नाहीतर प्रोजेक्ट फेल वाटेल. काय करू? (विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : अगं, अजिबात गाळू नकोस! तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे. कॅराजिननची सूज एकाच कारणाने येत नाही, शरीरातच तयार होणारी वेगवेगळी रसायनं ती पाळीपाळीने आणतात. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा जोर असतो, मग ब्रॅडीकायनिन, आणि साधारण तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिन. अ‍ॅस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, पुढे १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तुझा अर्क सुरुवातीला गप्प आणि नंतर कामाला लागतोय, म्हणजे तो कदाचित त्याच वाटेवर, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनवर, काम करत असेल. कदाचित म्हणतेय, कारण तोंडावाटे दिलेला अर्क रक्तात उतरायला वेळ लागला असंही असू शकतं, मग अर्क दिल्यावर कॅराजिनन किती वेळाने टोचलं ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही. दोन्ही शक्यता मांड.

आता मी तुझी परीक्षक असते तर काय विचारलं असतं ते सांगते. पाला कुठून आणला, स्वतः तोडला की बाजारातून वाळलेला घेतला? वाळलेल्या चुऱ्यात कशाची पानं आहेत कोण सांगणार, म्हणून फुलोऱ्यासकट फांदी दाबून वाळवून वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यायची आणि तो नमुना नंबर टाकून जपून ठेवायचा. उन्हात वाळवला की सावलीत? निर्गुडीला तो उग्र वास आहे ना, तो उडून जाणाऱ्या तेलाचा, कडक उन्हात ते गेलं की तू वेगळंच काहीतरी तपासतेयस. आणि पंजा मोजणाऱ्या मुलीला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत होतं का? माहीत असेल तर हात नकळत आपल्याला हवा तिकडे झुकतो, हे मी चांगल्या चांगल्या प्रामाणिक मुलांच्या बाबतीत बघितलंय.

डोसचा हिशोबही कर. उंदराचा डोस माणसासाठी साधारण ६.२ ने भागतात. ४०० चे झाले ६५ च्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून १० ग्रॅम अर्क निघाला असेल तर ४० ग्रॅम वाळका पाला झाला, रोजचा! सूज किती कमी झाली त्याची टक्केवारी कितीही छान असली तरी हे लिहिल्याशिवाय चर्चा पूर्ण होत नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक घेते. उंदरांवर सिद्ध झालंय असं वाचून मी रोज निर्गुडीचा काढाही सुरू केलाय. चालेल ना? आणि माणसांवर अशा चाचण्या होतात का? (गृहिणी, नागपूर)

उत्तर : ताई, चाचण्या होतात, आणि एक तर तुमच्या नागपुरातच झालीये, निर्गुडीची नाही, सालई गुग्गुळाची, म्हणजे सालईच्या झाडाच्या डिंकाची. २००३ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण, निम्म्यांना आधी औषध आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आठ आठवडे, मग मध्ये खंड ठेवून अदलाबदल. दुखणं आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकायला लागला, पण एक्स-रेमध्ये बदल दिसला नाही. म्हणजे आराम पडला, झीज भरून आली नाही. इतकं स्वच्छ उत्तर मिळालं ते अदलाबदलीमुळे, आणि उंदराच्या पंज्यावरून ते कधीच मिळालं नसतं, कारण तिथे सूज काही तासांची आणि तुमच्या आईंचा गुडघा कित्येक वर्षं झिजतोय.

आता काढ्याचं. सध्या तो थांबवा आणि डॉक्टरांना आधी सांगा, लपवू नका. डायक्लोफिनॅक पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतं, या वयात जास्तच, त्यात बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी एक गोष्ट आपल्या मनाने वाढवायला नको. शौच डांबरासारखी काळी झाली, पोटात आग पडली, पायावर सूज आली तर वाट बघू नका. बाहेरून पाल्याचा शेक द्यायचा असेल तर द्या, कातडीला जखम किंवा पुरळ नाही ना बघून, आणि आईंना शुगर असेल तर पायाला चटका कळत नाही म्हणून पाला आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र पाला-बिला काही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा.