लाल लेबल

नाशिक, इंदिरानगर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. अंबडच्या इलेक्ट्रिक पॅनलच्या कारखान्यात प्लॅनिंगची जबाबदारी तुझ्याकडे आली, हाताखाली नऊ माणसं आली, वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "मॅडम, कामाचा माग ठेवायला सॉफ्टवेअर हवंय. ट्रेलो घेऊ, आसना घेऊ की झोहो?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण मग जे खरं सांगायचंय ते राहिलं असतं. म्हणून नीट बसून लिहितेय.

सॉफ्टवेअरचं आधी उरकते. जिरा नावाचं एक २००२ पासून आहे, पण ते मुळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आपल्या चुका नोंदवायला बनवलेलं. तुमच्या पॅनलच्या धंद्याला ते अंगापेक्षा मोठं होईल. ट्रेलो २०११ मध्ये आलं. एक बोर्ड, त्यावर रकाने, रकान्यांत कार्डं, एवढंच. नऊ माणसांना ते पुरतं. झोहो चेन्नईचं, तेही चांगलं आहे. वायरिंगवाल्या माणसाच्या साध्या मोबाइलवर जे पटकन उघडतं, ते घे. निवडीत एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

ही कार्डांची कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाही, आपल्यासारख्या कारखान्यांतलीच आहे. टोयोटात ताइइची ओनो यांनी ती बसवली. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आलं तरच मागच्याने माल बनवायचा. कार्ड नाही, तर काम नाही. जपानीत त्याला कानबान म्हणतात, म्हणजे पाटी. तू मोबाइलवर जे सरकवणार आहेस, ती ही पाटीच.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगते. एका ऑर्डरमध्ये पॅनलची चौदा दारं होती. ग्राहकाने आधी १४४ मिलिमीटरचे मीटर मागितले होते, मग बदलून ९६ चे मागितले. ड्रॉइंगची तिसरी रिव्हिजन मंगळवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. त्यावर सकाळपर्यंत कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, फुलं, सुप्रभात, सगळं साचलं. फॅब्रिकेशनच्या मुलाने मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेली दुसरी रिव्हिजन उघडली आणि चौदाही दारांना मोठे चौकोन पाडले. पावडर कोटिंग होऊन दारं परत आली. वायरमन मीटर हातात घेऊन बसवायला गेला, तर मीटर आरपार निघून त्याच्या तळहातावर आला. छोटा कटआउट मोठा करता येतो, मोठा छोटा करता येत नाही. चौदा दारं भंगारात गेली. त्या मुलाची चूक काडीची नव्हती. ड्रॉइंग दोन ठिकाणी होतं, एवढंच.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पाळ: ड्रॉइंग फक्त कार्डावर राहील. नवी रिव्हिजन आली की जुनी तिथून काढायची, ग्रुपवर फक्त कार्डाची लिंक टाकायची. ग्रुप बंद करू नकोस, माणसं एकमेकांशी बोलतात तिथे. पण बोलता बोलता काही ठरलं, तर ते लगेच कार्डावर गेलं पाहिजे. आणि एका कार्डावर एकच नाव. दोन नावं लावलीस की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

तारखांबद्दल एक युक्ती सुचवते. माझ्या दिराची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, सध्या तिथे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालू आहे. तिथे कुणी आजची तारीख विचारत नाही, "कितवा दिवस?" असं विचारतात. छाटणीपासून मोजलेला. फवारणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं त्या एका मोजणीवर चालतं. मजुरांची मुकादम आणि औषधवालाही त्याच भाषेत बोलतात. निर्यातीच्या बागांची नोंद तर अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर २००६ पासून ऑनलाइन होतेय, पेटी कुठल्या प्लॉटची हे परदेशात बसून शोधता येतं. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी हे करतो, तर तुमच्या शॉपफ्लोअरला जमणार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. तुझ्या कार्डावर असाच पहिला दिवस ठरव: ग्राहकाने ड्रॉइंग मंजूर केलं तो. मग "हे पॅनल लवकर द्या" याऐवजी "एकविसावा दिवस आहे आणि अजून बसबार (पॅनलमधली वीज वाहून नेणारी पट्टी) आलेला नाही" असं बोलणं सुरू होतं. दोन्हींत किती फरक आहे, ते पंधरा दिवसांत तुझं तुला कळेल.

रकाने तुला माहीतच आहेत: मंजुरी, खरेदी, फॅब्रिकेशन, वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच. बरेच जण यात "अडलेलं" असा सातवा रकाना करतात. तो करू नकोस. कार्ड तिकडे हलवलं की ते कुठे अडलं होतं तेच दिसेनासं होतं, आणि तो रकाना माळ्यासारखा भरत जातो. कार्ड आहे तिथेच ठेवायचं आणि त्याला लाल लेबल लावायचं. महिनाभराने खरेदीच्या रकान्यात सात लाल आणि टेस्टिंगमध्ये एकही नाही असं दिसलं, तर नवा टेस्टर घेण्यात अर्थ नाही, हे मालकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि या लाल लेबलासाठीच खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं.

आमच्याकडे बोर्ड आला तेव्हा मी फार उत्साहात होते. दुसऱ्याच आठवड्यात खरेदीतल्या एका मुलाने कार्डाला लाल लावलं. ब्रेकरची ऑर्डर त्याच्याकडून द्यायची राहिली होती, दहा दिवस गेले होते. त्याने स्वतःहून लावलं होतं ते. मी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला झापलं. तो मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत उभा होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर पाच महिने आमच्या बोर्डावर एकही लाल लेबल दिसलं नाही. सगळं "चालू आहे". आणि गाड्या मात्र उशिरानेच सुटत होत्या. मला वाटायचं, सॉफ्टवेअरच कुचकामी आहे. दुसरं आणावं का, याची चौकशीही मी केली.

मग एका ज्येष्ठ वायरमनने एकदा जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, लाल लावलं की शिव्या, नाही लावलं तर निदान आठ दिवस शांतता. माणूस काय करेल?" मी त्या मुलाची दुसऱ्या दिवशी माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण झापलंही सगळ्यांसमोर होतं. पुढचं लाल लागायला तरी तीन आठवडे गेले. ते लागलं तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं आजच कळलं," आणि तिथेच उभं राहून सप्लायरला फोन लावला. तेवढ्याने झालं. दिवाळीपर्यंत माणसं आपणहून लाल लावायला लागली होती.

तुझ्या बोर्डावरचं पहिलं लाल लेबल लागेल, तेव्हा नऊच्या नऊ जण तुझ्या चेहऱ्याकडे बघत असतील. त्या दिवशीसाठी आतापासून तयार राहा. कोणी अडवलं हे विचारू नकोस, काय मिळालं की सुटेल ते विचार.

एक हिशेबही लक्षात ठेव, मालकांशी बोलताना उपयोगी पडेल. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे. शॉपमध्ये एका वेळी चोवीस पॅनल उघडे असतील आणि आठवड्याला सहा बाहेर पडत असतील, तर प्रत्येक पॅनल सरासरी चार आठवडे आत राहणार. ग्राहकाला तीन आठवडे कबूल केले असतील, तर एका वेळी अठरापेक्षा जास्त उघडायचे नाहीत. नाहीतर वेग तरी वाढवायला हवा. नवीन ऑर्डर आली की लगेच पत्रा कापायला घ्यायची आपल्याकडे सवय आहे, काम सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून. त्याने फक्त रांग लांबते. इथे मालकांना "अजून नको" म्हणायची वेळ येईल. हिशेब कागदावर मांडून, आदराने सांग.

मालक आणखी एक मागतील: कोणी किती कार्डं पूर्ण केली त्याची महिन्याची यादी. ती देऊ नकोस. यादी सुरू झाली की लोक एका कामाची चार कार्डं करतात, आणि लाल लेबल पुन्हा गायब होतं. त्याऐवजी किती पॅनल कबूल केलेल्या दिवशी गेले, तो आकडा दे. तो सगळ्यांचा मिळून आहे.

एकदम सगळ्या ऑर्डरी बोर्डावर चढवू नकोस. एकच ऑर्डर घे, पंधरा दिवस चालव. रोज सकाळी दहा मिनिटं बोर्डासमोर उभं राहा आणि डिस्पॅचकडून सुरुवात करून मागे मागे वाच, म्हणजे जे दाराशी आलंय ते आधी बाहेर पडेल. ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना बोलून मराठीत लिहायला शिकव, फोनमध्ये ती सोय असते. ज्यांचे हात ग्रीसने भरलेले असतात, त्यांचं कार्ड तू स्वतः हलव, त्यांना विचारून.

रविवारी सकाळी मी घरी आहे. येताना गेल्या तीन महिन्यांत उशिरा गेलेल्या पॅनलची यादी घेऊन ये, कुठलं कुठे अडलं होतं ते आठवेल तेवढं लिहून. आठवणार नाही तिथे त्या त्या माणसाला विचार, पण रागावणार नाही हे आधी सांगून.

कळावे,
तुझी मॅडम